संबंधाचा रकाना

“वारसाहक्काने आलेली रक्कम, हे लिहिलंत ते ठीक. पण मयताशी संबंध काय, हा रकाना कोरा आहे,” बँकेच्या खिडकीपलीकडच्या मुलीने अर्ज परत सरकवला.

“कोराच राहील,” भिंगवाला म्हणाला.

छत्तीस वर्षे चष्म्याच्या काचा घासणाऱ्या या माणसाशी वाद घालून कोणी जिंकल्याचे ऐकिवात नव्हते. करमुक्त बचत खात्यात वर्षाला ठरावीकच रक्कम भरता येते, न वापरलेली मर्यादा वर्षअखेर बुडते, आज अखेरचा दिवस आहे आणि खिडकी पाचला बंद होते, हे सारे त्याला त्या मुलीपेक्षा अधिक बिनचूक ठाऊक होते. त्याचा मुद्दा निराळा होता. ज्याचा पैसा, त्यानेच नाते लिहिलेले नाही. मग घेणाऱ्याने ते का लिहावे? मृत्युपत्राची प्रत समोरच होती. त्यात मुलाच्या नावापुढे बापाने एवढेच लिहिले होते: ‘कारखान्यात माझ्या जागेवर बसलेला इसम’.

बारा वर्षांपूर्वी बापलेक काचा घासायच्या शेजारशेजारच्या चाकांवर बसत. म्हाताऱ्याची नजर उतरू लागली होती. एके दिवशी त्याने घासलेली काच मुलाने मालकादेखत तपासली आणि पाव नंबराने चुकली म्हणून बाजूला काढली. काच चुकली होती, यात वादच नव्हता. आठवड्याभरात म्हाताऱ्याचे चाक मुलाकडे आले. ‘तू माझा कोणी नव्हेस,’ एवढे बोलून म्हातारा लेकीच्या घरी राहायला गेला, तो कायमचा. चूक ती चूक, बापाला त्यात सूट नाही, हे मुलगा पुढे ज्याला त्याला पटवून देत राहिला. बापाच्या अंत्यविधीला तो मागे उभा राहिला आणि लोक पांगण्याआधीच परतला.

‘इतर’ लिहिले तर चालेल का, असे आता त्याने विचारले. तसे लिहिले तर रक्कम वारसाहक्काची ठरत नाही, मुलगी म्हणाली. त्यावर त्याने नियमाची प्रत मागवून तिच्यातला शब्द न् शब्द कसाला लावला. रांगेतल्या एकाने, घरचं घरी मिटवा की, असे सुनावले. त्यालाही उत्तर मिळाले.

बाकावर बसलेली बायको अखेर उठली. कारखान्यात निवृत्तिवेतन नव्हते; दोघांच्या म्हातारपणाला हाच काय तो आधार होता.

“अहो, मेलेल्या माणसाशी बरोबरी करताय,” ती म्हणाली. “त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मीही लिहिणार नाही, हेच ना? अगदी त्यांच्यावर गेलात.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“बारा वर्षं हेच ऐकलं. एकदा जाऊन बोला, असं मी म्हणत होते, तेव्हाही हेच.”

मुलीने घड्याळाकडे पाहिले. पाच वाजायला दोन मिनिटे होती.

“काका, ते तुमचे कोण होते, एवढंच विचारतेय,” ती थकून म्हणाली. “भांडण कशावरून झालं ते नाही विचारत.”

प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे प्रतिप्रश्न तयार असे. या वेळी त्याने अर्ज पुढे ओढला. त्याने लेखणी उचलली, काही वेळ नुसती धरली आणि रकान्यात लिहिले: मुलगा.

मुलगी भराभर आकडे भरू लागली, आणि मध्येच थांबली. पाच वाजले होते; यंत्र पुढे काही घेईना.

“यंदाची मर्यादा गेली, काका. उद्या नव्या वर्षात भरा. अर्ज मात्र नवा लागेल.”

एका मिनिटावरून आता काय रणकंदन होते, या धास्तीने बायकोने पदर घट्ट धरला. मुलगी अर्ज फाडायला निघाली होती.

“तो द्या इकडे.”

“बाद झालाय हो हा.”

“असू दे.”

रांग केव्हाच पांगली होती. शिपाई दिवे मालवू लागला. भिंगवाल्याने तो कागद कट्ट्यावर पसरला, त्या एका शब्दावर घडी पडणार नाही अशा बेताने दुमडला आणि खिशात ठेवला.