मूळ फाइल

मित्रांनो, मी परळच्या एका प्रयोगशाळेतला जुना लॅपटॉप आहे. माझी बॅटरी केव्हाच गेली; वायर काढली की मी मिटलो. नवा होतो तेव्हा माणसे हात धुऊन मला स्पर्श करीत. पुढे नवे संगणक आले आणि माझ्याकडे फ्रीजच्या तापमानाची नोंद तेवढी उरली.

मग नायगावची संघमित्रा माझ्यासमोर बसली. एका औषधाने पेशी किती कमी होतात, हे ती वर्षभर मोजत होती. तिचे साठ नमुने माझ्यात होते. एकदा तिने तक्त्यातला फक्त नावांचा स्तंभ निवडून क्रमाने लावला. नावे हलली, आकडे जागेवरच राहिले. औषध दिलेल्या नमुन्यांची नावे खाली आली आणि खालचे आकडे मुळातच लहान होते. त्यामुळे औषधाचा परिणाम दुप्पट दिसू लागला. प्रयोगशाळेच्या प्रमुख ॲन्टोनेट मॅडम खूश झाल्या. शुक्रवारच्या परिषदेसाठी पोस्टरही छापून आले. मला सारे दिसत होते, पण विचारल्याशिवाय बोलणे माझ्या स्वभावात नाही.

माहीमचा ट्रेव्हर तिचा सीनियर. जेवणाच्या सुट्टीत तो तिला प्रोग्रामिंग शिकवी. माउसने काय केलेस ते उद्या तुलाच आठवणार नाही, लिहून केलेस तर राहील, असे तो सांगे. संघमित्राने बारा ओळींचा पहिला प्रोग्राम लिहिला आणि मोजणी यंत्रातून आलेली मूळ फाइल त्याला दिली. उत्तर पोस्टरशी जुळेना.

"तुझाच प्रोग्राम गंडलाय," ट्रेव्हर हसला. "पहिल्या दिवशी सगळ्यांचा गंडतो."

ती वाद घालत बसली नाही. तिने प्रयोगाच्या नोंदींची वही उघडली आणि पाच नमुने हाताने ताडून पाहिले. प्रोग्राम बरोबर होता; चुकला होता तो माझ्यातला तक्ता. ट्रेव्हरने वही स्वतःकडे ओढली आणि सहावा नमुना स्वतः ताडून पाहिला.

गुरुवारी सकाळी ती मला उचलून ॲन्टोनेट मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी पोस्टरवरचा आणि नवा, असे दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले.

"परिणाम निम्माच राहिला की गं."

"हो मॅडम. पण कितीही वेळा काढला तरी तेवढाच येतो."

मॅडमनी चष्मा काढला. "मग पोस्टर नवीन छापून घे. आणि तो प्रोग्राम मलाही दाखव."

मित्रांनो, चुकीचा आकडाही मी बरोबर आकड्याइतक्याच ठळकपणे दाखवतो. म्हणून एवढेच मागणे आहे. मूळ फाइलला हात लावू नका, काम तिच्या प्रतीवर करा आणि काय केलेत ते ओळीने लिहून ठेवा. मग माझ्यासारख्या म्हाताऱ्यावरही खुशाल विसंबा.