दसऱ्याचं ग्रीस

अड्याळजवळच्या राईस मिलमध्ये सलग दोन वर्षं, दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत, भुसा ओढणाऱ्या ब्लोअरची बेअरिंग जळाली. यंदा मालकांनी, भैय्याजींनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आता गेली तर चिंधू घरी." ग्रीस द्यायचं काम चिंधूकाकांचं. एकवीस वर्षांपासूनचं.

मला त्यांनी बोलावलं ते कागद करायला: कोणत्या बेअरिंगला कोणतं ग्रीस, किती, केव्हा. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा. पण मुलगी, प्रतिक्षा, झाल्यापासून घरीच होते. ती दहा महिन्यांची. दुपारी सासूबाईंजवळ झोपली की मला दोन तास मिळायचे.

पहिल्या दिवशी काकांच्या ग्रीसगनचे दहा स्ट्रोक, म्हणजे दहा दाब, कागदावर काढले आणि तांदळाचे नमुने तोलायच्या काट्यावर ठेवले. पंधरा ग्रॅम. ब्लोअरच्या बेअरिंगला महिन्याला बारा ग्रॅम पुरतं, म्हणजे आठ स्ट्रोक. काका किती देत होते? आठच. कधी नऊ.

"हाताले समजते जी," ते म्हणाले.

मग जळत का होती?

"दसऱ्याले काय करता तुम्ही, काका?"

"पूजा. हार, नारळ. मंग दोन सालापासून गन फिरते ना. पहिले भैय्याजी, मंग मुनीमजी, मंग सारे हमाल. ज्याले जेवढं वाटलं तेवढं मारते. मशीनचा सण आहे, बाई. उपाशी ठेवता काय तिले?"

"सगळे मिळून किती होते?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "साठ-सत्तर."

"आमच्या प्रतिक्षाले एक घास जास्त झाला तर ती बाहेर काढते," मी म्हणाले. "बेअरिंगले तेवढीही सोय नाही. ग्रीस आतच घुसळत राहते, तापते."

काकांनी गन खाली ठेवली. "म्हंजे आमीच मारत आलो हिले. पण भैय्याजीले कोन सांगन?"

काकांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक बेअरिंगजवळ पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. जितके ठिपके तितके स्ट्रोक. कागदाच्या शेवटी एक ओळ घातली: दसऱ्याच्या दिवशी ग्रीसगन बंद. काकांना ती दोनदा वाचून दाखवली. भैय्याजींनी सही केली. ती ओळ वाचली नसावी.

दसऱ्याला प्रतिक्षाला कडेवर घेऊन गेले. हार चढले, नारळ फुटला. भैय्याजींनी हात पुढे केला. "आण रे गन."

काका जागचे हलले नाहीत. "आज नाही भेटत, भैय्याजी."

"काहून?"

"कागदावर तुमचीच सही आहे जी."

एक हमाल फस्सकन हसला.

"मंग मी काय नुसता हात जोडून उभा राहू?"

काकांनी खांद्यावरचं धुतलेलं फडकं त्यांच्या हातात दिलं. "पुसा. ग्रीस जाते त्या तोंडावर धूळ राहिली का तीच आत जाते. हे बी पूजाच."

भैय्याजी माझ्याकडे वळले. "हे तुम्ही शिकवलं काय, मॅडम?"

"नाही. हे त्यांचंच."

ते उकिडवे बसले आणि पुसू लागले. जरा रागातच, पण कानाकोपऱ्यातून. मागे मुनीमजी फडक्यासाठी उभे राहिले, त्यांच्यामागे हमाल.

दसऱ्यानंतर नवव्या दिवशीही ब्लोअर चालू होता. भैय्याजींनी बेअरिंगच्या लोखंडी घरावर तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला.

"चिंधू, उद्या सातलेच ये. आसगावचे धानाचे ट्रॅक्टर येऊन राहिले."