नियंत्रित गट

अठरा वर्षं शिकवून झाल्यावरही आपल्याला शिकवता येतं याचा पुरावा द्यावा लागतो, आणि त्या पुराव्याला एम.एड. म्हणतात. पाचवीच्या बाईंनी चाळिशी ओलांडल्यावर शिक्षणशास्त्राच्या या पदवीला नाव घातलं ते काही हौसेने नव्हे. मुख्याध्यापिका या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि संस्थेने स्वच्छ सांगितलं होतं, "खुर्ची तुमचीच. तेवढी पदवी आणा. नाहीतर मग खेळाच्या सरांना द्यावी लागेल." खेळाच्या सरांना वर्गावर जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा, पण पदवी होती.

दोन वर्षं बाई शाळा सुटली की थेट महाविद्यालय गाठत होत्या. घरी नवऱ्याने स्वयंपाकघर सांभाळलं. कसं सांभाळलं ते विचारू नये. इकडे ज्याने जन्मात चाळीस पोरं एकत्र पाहिली नव्हती अशा प्राध्यापकाने त्यांना वर्गात शिस्त कशी राखावी ते शिकवलं. बाईंनी दातओठ खात टिपणं काढली. अडला हरी, दुसरं काय!

शेवटी राहिला प्रबंध. विषय बाईंच्या हातखंड्याचा होता: घोटीव कागदाच्या रंगीत पट्ट्या कापून अपूर्णांक शिकवणं. मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमची पद्धत चांगली हे तुम्ही म्हणता. सिद्ध करा. तुमची अ तुकडी प्रायोगिक गट, तिला पट्ट्या. ब तुकडी नियंत्रित गट, तिला नुसता खडू-फळा. सहा आठवड्यांनी दोघींची एकच चाचणी. फरक दिसला की झालं तुमचं काम. मात्र ब तुकडीला पट्ट्यांचा वारासुद्धा लागता कामा नये."

बाईंनी पट्ट्या कपाटात कुलूपबंद ठेवल्या. ब तुकडीच्या बाईंना बजावलं, "तुम्ही नेहमीसारखंच शिकवा हं." त्या म्हणाल्या, "हो हो, त्यात काय!" त्यांचं हे 'त्यात काय' तेव्हाच खटकायला हवं होतं.

चाचणी झाली. अ तुकडीची सरासरी पंचवीसपैकी एकोणीस आली, आणि ब तुकडीचीही एकोणीसच. बाईंनी बेरीज तीनदा केली, मग उठून तडक शिक्षकखोलीत गेल्या.

"तुम्ही ब तुकडीला काय शिकवलंत?"

ब तुकडीच्या बाईंनी हसतमुखाने खण उघडला. आत जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. "अहो, तुमच्याच पोरी मधल्या सुट्टीत आमच्या पोरांना शिकवत होत्या. म्हटलं, झकास आहे की हे! मग मीच कापल्या. तुमच्यावर बोजा नको म्हणून बोलले नाही."

"अहो, पण त्यांना शिकवायचं नव्हतं!" बाई ओरडल्या. "कशाला शिकवलंत?"

अठरा वर्षांत शिक्षकखोलीच्या भिंतींनी बरंच ऐकलं होतं, पण हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. ब तुकडीच्या बाईंचा चेहरा पडला आणि बाईंना त्यांचा राग आला, स्वतःचाही आला.

मार्गदर्शक सरांनी आकडे पाहून चष्मा काढला. "प्रयोग बाद. पुढच्या वर्षी नव्या मुलांवर करा."

"सर, पद्धत चालली! इतकी चालली की भिंतीपलीकडे गेली."

"भिंतीपलीकडचं प्रबंधात बसत नाही." मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ब तुकडीच्या उत्तरपत्रिका तुम्हीच तपासल्यात ना? जरा कडक हाताने तपासा. सोमवारपर्यंत वेळ आहे."

शनिवारी दुपारी बाई लाल पेन घेऊन बसल्या. जूनपासून खेळाचे सर शिट्टी वाजवून शाळा चालवणार, हे डोळ्यांसमोरून हलेना. पहिल्या पेपरात अक्षर गचाळ होतं, एक गुण गेला. दुसऱ्यात उत्तराखाली रेघ नव्हती, आणखी एक गेला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना किळस आली.

तिसरा पेपर एका मुलीचा होता. गेल्या वर्षी चौथीत ती अपूर्णांकाचे पेपर कोरे देत असे, हे शिक्षकखोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. परवा घाईत बाईंनी फक्त उत्तरं पाहिली होती, कच्च्या कामाची बाजू उलटलीच नव्हती. आता उलटली. अर्धा अधिक एक तृतीयांश या गणितासाठी तिने दोन पट्ट्या काढल्या होत्या, सहा-सहा घरं पाडून, खोडरबराने तीनतीनदा खोडून. उत्तर पाच षष्ठांश. खाली लिहिलं होतं, 'पट्ट्या जवळ ठेवायच्या नव्हत्या म्हणून कागदावरच काढल्या. चालेल ना?'

"चालेल गं बाई," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. मग त्यांनी आधीच्या दोन्ही पेपरांतले कापलेले गुण परत दिले. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दोन वर्षं, रोजच्या तीन बस, नवऱ्याच्या हातची करपलेली जेवणं, सगळं मुसळ केरात! कोणाला सांगणार?

सोमवारी त्या महाविद्यालयाच्या खिडकीशी मुदतवाढीचा अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. कारकुनाने अर्ज उलटसुलट केला.

"बाई, कारण कोरं सोडलंत. आजारपण, बाळंतपण, बदली, घरात मृत्यू, यातलं एक लिहा."

"यातलं काहीच झालं नाही."

"मग झालं काय?"

"ज्यांना शिकवायचं नव्हतं, तीही मुलं शिकली."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे? ही तक्रार आहे का तुमची?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मागे रांग वाढत होती.

"हो," त्या म्हणाल्या, "तक्रारच आहे. लिहा. सही कुठे करू?"