सगळ्यात मागे प्लास्टर

"थांबा, थांबा! कुणी हलू नका," गोळीवाला दबक्या आवाजात म्हणाला आणि पाठीवरची पिशवी खाली ठेवून वाटेतच बसला. "त्या फांदीवर. काहीतरी हिरवं आहे."

"पान असेल," ड्रायव्हर म्हणाला. पण तोही बसला. सिस्टरही एका दगडावर टेकल्या आणि पाण्याची बाटली काढून निवांत पाणी प्यायल्या.

प्लास्टर तीसेक पावलं मागे होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे त्यानं एकतीस वर्षं पेशंटांना सांगितलं होतं. आता स्वतःलाच सांगत होता. तो येऊन पोचला, काठी टेकून उभा राहिला आणि त्यानं फांदीकडे पाहिलं.

"अरे, तांबट आहे तो! खोडाला भोक पाडून राहतो. ऐक, टुक टुक करतोय." त्याला इतका आनंद झाला की गुडघ्याचं दुखणं तो दोन मिनिटं विसरूनच गेला.

चौघं एकाच दवाखान्यातले. सिस्टर हाडांच्या वॉर्डच्या, गोळीवाला तळमजल्यावर औषधांच्या खिडकीत, ड्रायव्हर रुग्णवाहिकेवर, आणि प्लास्टर अर्थातच प्लास्टरच्या खोलीत. त्याला खरं नाव होतं. पण ते हजेरीपटात आणि बायकोच्या रागात तेवढं ऐकू यायचं. बावीस वर्षं हे चौघं दरवर्षी चार दिवस डोंगरात चालायला जायचे. डोंगर चढणं सोपं होतं, चौघांना एकदम रजा मिळवणं हीच खरी चढण होती.

पहिल्याच वर्षी ड्रायव्हर मागे राहिला होता. घोटा मुरगळून एका घळीत दोन तास पडून होता, आणि बाकीच्यांना वाटत होतं की स्वारी विडी ओढत मागून येतेय. शेवटी प्लास्टर एकटाच उलटा गेला, त्याला शोधून काढलं, दोन काटक्या आणि स्वतःच्या शर्टाची बाही लावून घोटा बांधला आणि खांद्याला खांदा देऊन त्याला खाली आणलं. त्या दिवशी सिस्टरनी वाटेतच दोन नियम घालून दिले. ज्याची चाल सगळ्यात धिमी, तो सगळ्यात पुढे. म्हणजे कुणाला धापा टाकत दुसऱ्यामागे पळावं लागणार नाही. आणि सगळ्यात मागे प्लास्टर. कुणी मोडलंच तर जोडणारा मागून आलेला बरा.

तेव्हापासून गोळीवाला पुढे असायचा, कारण तेव्हा त्याचं वजन शंभर किलो होतं. पुढे त्याला मधुमेह झाला, तो वाळून निम्मा झाला, पण पुढची जागा काही त्यानं सोडली नाही. आणि प्लास्टरनं मागची सोडली नाही. गळ्यात शिट्टी अडकवून तो शेवटी चालायचा. दर वळणावर पुढच्या तीन पाठी मोजायचा. दवाखान्यात कुणी त्याला फारसं विचारत नसे. डॉक्टर हाड बसवल्याचं श्रेय घेत आणि प्लास्टर ढिलं झालं की ह्याला शिव्या. पण इथं, ह्या वाटेवर, तो मागे आहे म्हणून तिघं निर्धास्त चालतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्षाचे उरलेले दिवस तो त्या चार दिवसांवर काढायचा.

"या वर्षी नका जाऊ," बायको निघताना म्हणाली होती. "गुडघा तुमचा आहे, दवाखान्याचा नाही."

"गुडघ्याला काय झालंय?" तो म्हणाला होता. स्वतःचा एक्स-रे त्यानं कपाटात स्वेटरांच्या खाली दडवला होता. ती फिल्म वाचायला त्याला डॉक्टरांची गरज नव्हती.

पण या वर्षीची मजाच वेगळी होती. इतकी वर्षं तो ह्या लोकांना झाडं दाखवायचा तर ड्रायव्हर म्हणायचा, "झाड ते झाड, पेट्रोल निघतं का त्यातून?" आणि आता हेच तिघं दर पन्नास पावलांवर थांबत होते. गोळीवाल्यानं पक्ष्यांचं पुस्तक आणलं होतं. ड्रायव्हरनं मेहुण्याची दुर्बीण आणली होती. सिस्टर शेवाळावर बोट फिरवून विचारत, "ह्याला फुलं येतात का हो?" आणि प्लास्टर सांगत सुटायचा. शेवाळाला फुलं येत नाहीत, हे वेल झाडाला मारत नाहीत, ही माती लाल का. देर आए दुरुस्त आए, असं त्याला वाटलं. चालायला येणाऱ्यांना उशिरा का होईना, डोळे उघडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठी चढण होती. प्लास्टर चांगलाच मागे पडला. वर पोचला तेव्हा तिघं सावलीत बसलेले, आणि ड्रायव्हर दुर्बीण डोळ्यांना लावून दरीत बघत होता.

"काय दिसतंय रे?"

"गरुड!" ड्रायव्हर म्हणाला. "काय पंख आहेत! अहाहा! आता वळला बघ."

प्लास्टर त्याच्या समोर आला. दुर्बिणीच्या दोन्ही काचांवर काळी झाकणं तशीच होती.

त्यानं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सिस्टर बुटाची नाडी बांधायला लागल्या, ती सुटलेली नसताना. आणि त्याला सगळं उमगलं. तोच तर हे करायचा. रोज. मोडका हात घेऊन पोर रडत आलं की म्हणायचा, "ती बघ खिडकीत चिमणी!" पोर खिडकीकडे बघायचं आणि तेवढ्यात ह्यानं हात ओढून सरळ केलेला असायचा.

मुक्कामाच्या खोपटापर्यंत तो काठी आपटत चालला. खोपटात चार बाकं आणि एक शेगडी. सिस्टरनी चहा केला. त्यानं कप घेतला आणि खाली ठेवला.

"कधीपासून माहीत आहे?"

"एक्स-रेवाल्यानं सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात गुपित राहतं का?"

"मग सरळ सांगायचं होतं. तीन दिवस मला चिमणी दाखवत बसलात! मी काय पाच वर्षांचं पोर आहे?"

"तू ऐकलं असतंस?" ड्रायव्हर म्हणाला. "म्हटलं असतंस, गुडघ्याला काय झालंय."

"तू गप्प बस! झाकण न काढता गरुड बघतो! मेंदू गुडघ्यात असलेल्या माणसानं माझ्या गुडघ्यावर बोलू नये."

ड्रायव्हर हसला नाही. प्लास्टरनं काठी भिंतीला टेकवली. "हे बघा. शेवटच्या माणसासाठी थांबायला लागलं, की तो शेवटचा माणूस कसला? तो ओझं झाला. पुढच्या वर्षी तुम्ही तिघं जा."

मग गोळीवाला, जो भांडणात कधीच पडत नसे, पुस्तक मांडीवर घेऊन म्हणाला, "मी खरं सांगू? पहिले दोन दिवस नाटकच होतं. आज सकाळी ओढ्यावर तो निळा दिसला ना, मासा घेऊन उडाला तो... तेव्हापासून मी खरंच बघतोय. बावीस वर्षं मी ह्या वाटेवर नुसती स्वतःची धाप ऐकली रे. तू नसशील तर मला नावं कोण सांगणार?"

"पुस्तक आहे की."

"पुस्तकाला 'टुक टुक' करता येत नाही."

सिस्टरनी त्याचा गार झालेला कप उचलला, परत गरम केला, परत समोर ठेवला. त्या वॉर्डात बोलायच्या त्याच आवाजात बोलल्या. "पहिला नियम काय आहे?"

"ज्याची चाल धिमी, तो पुढे."

"त्यात 'तो घरी' असं कुठं म्हटलंय?"

प्लास्टर चहा प्यायला. तळापर्यंत कप संपवून तो "साखर जास्त झालीये," असं म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी पिशव्या चढवताना त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. "वळणावर तीन पाठी मोजायच्या. विड्या ओढत मागे राहायचं नाही."

ड्रायव्हरनं शिट्टी सदऱ्याला पुसली आणि गळ्यात घातली.

प्लास्टर पुढे निघाला. समोर कुणाचीच पाठ नव्हती. वाट त्याला उघडी-बोडकी वाटली. दर थोड्या वेळानं तो मान वळवून मागे बघे, आणि सिस्टर "पुढे बघा" म्हणत. शंभर पावलांत त्याच्या तोंडावर काहीतरी चिकट बसलं. मग पुन्हा.

"हे काय आहे?"

"कोळ्यांची जाळी," मागून गोळीवाला म्हणाला. "रात्रभर विणतात. पहिल्या माणसाच्या तोंडावर सगळी. बावीस वर्षं खाल्लीत मी."

"कधी बोलला नाहीस ते?"

"तू मागे होतास."

पुढच्या वळणावर दोन झुडपांच्या मधे, कमरेपासून छातीपर्यंत, एक अख्खं जाळं ताणलेलं होतं. दवानं भिजलेलं, मधोमध कोळी. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला उतार. काठीचा एक फटका मारला की वाट मोकळी. त्यानं काठी उचललीही. मग ती खाली टेकली, दुखरा पाय बाजूला लांब पसरला, दुसऱ्या गुडघ्यावर भार देत तो हळूहळू खाली वाकला. त्याला वेळ लागला. मागे कुणी पक्षी दाखवला नाही. तिघं नुसते उभे राहिले. पलीकडे जाऊन तो सरळ झाला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

त्यानं वळून पाहिलं. सिस्टर पिशवी पोटाशी धरून वाकल्या. मग गोळीवाला, टोपी हातात घेऊन. शेवटी ड्रायव्हर जाळ्यापाशी आला, आणि वाकण्याआधी त्यानं थांबून मागच्या रिकाम्या वाटेवर एकदा नजर टाकली, कुणी राहिलं तर नाही ना, म्हणून.