वाघाची आंघोळ

परदेशी कंपनीने आमच्या मालात शिसं सापडल्याचं कळवलं, तेव्हा मी त्याच दिवशी उलटं पत्र धाडलं. आमच्या कारखान्यात शिशाचा कणसुद्धा नाही, तुमचंच मशीन तपासा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्या कंपनीलाही ठाऊक झालं.

२००३ ची गोष्ट. अंबडच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना, मी तिथली केमिस्ट. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास असलेला एक द्रव आम्ही अत्तरवाल्यांसाठी बनवायचो. कच्च्या मालात हायड्रोजन बेताने घालायचा असतो. जेवढ्यास तेवढा बसला की गवताचा वास, जास्त बसला की माल मेणचट आणि मेहनत मातीत. हायड्रोजन बसवायचं काम करते एक काळी पावडर, कॅटलिस्ट. ती जात्याच हावरी, म्हणून तिच्यात शिसं घालून तिला आवरतात. मग ते शिसं थोडं थोडं सांडपाण्यात उतरत राहतं.

मी तीन वर्षं खपून शिशाऐवजी बिस्मथ बसवलेली पावडर तयार केली. बिस्मथ तसा निरुपद्रवी धातू. प्रयोगशाळेत शंभरातले पंचाण्णव भाग हवा तोच माल. आणि खाली मोठ्या रिअॅक्टरमध्ये? ब्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. मग एक्क्याऐंशी. डोकं फिरायची वेळ आली.

मालक ललितशेठ म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत बघा. नाहीतर आपली शिशाचीच पावडर काय वाईट होती?"

म्हणजे तीन वर्षं पाण्यात आणि शिसं पुन्हा नाल्यात.

आणि दिवाळीच्या तोंडावर एक बॅच निघाली शहाण्णवची. दुसरीही शहाण्णव. मी पेढे वाटले. का जमलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. माझं होतं ना, मग जमणारच.

त्यावर हे शिसं. पाच दिवस मी पाणी तपासलं, पाइपांचे सांधे तपासले, पिंप खरवडली. काही नाही. सहाव्या दिवशी वैतागून रिअॅक्टरपाशीच उभी राहिले. बहिरूभाऊ पावडर भरायच्या तयारीत होते. पेठ तालुक्याकडचे, पन्नाशीचे, आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. मी त्यांचा हात धरायला धावले, कारण तिथे हायड्रोजन होता. पण पेटीत काड्या नव्हत्याच. त्यांनी आतून चिमूटभर काहीतरी केशरी काढलं आणि पावडरीच्या बादलीत सोडून हात जोडले.

"हे काय आहे, बहिरूभाऊ?"

"शेंदूर, बाई. आमच्या वाघदेवाचा. दिवाळीआधी वाघबारशीला गावाकडून आणला."

शेंदूर म्हणजे शिसंच. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडले.

"दसऱ्याला सांगितलं होतं ना, इथे पूजा करायची नाही म्हणून?"

"तुम्ही उदबत्तीला नाय म्हणलात, बाई. जाळ नको म्हणलात. शेंदराला कुठं जाळ हाय?" ते शांतपणे म्हणाले. "हा ग्यास म्हंजे वाघच. आमच्यात वाघबारशीला वाघाला सांगत्यात, गुरांना हात लावू नको. तसं ह्याला सांगितलं. तुमचं लय दिवस बिनसलं होतं, बघवत नव्हतं."

वाघ खरंच आवरला होता, त्यांच्या शेंदराने. माझं बिस्मथ नुसतं शोभेला.

ललितशेठना सांगितलं, तर त्यांचे डोळे चमकले. "मग घालू की चिमूटभर. शिशाचं विचारणार नाही असं गिऱ्हाईक शोधतो." मी तडक खाली आले. तिथे बोलले असते तर नोकरी गेली असती.

बहिरूभाऊ बादलीशेजारी अपराध्यासारखे बसले होते. मीही एक पिंप उलटं करून बसले.

"पावडर हातात आल्यापासून काय काय करता, सगळं सांगा. काही गाळू नका."

"पहिली आंघोळ घालतो."

"कोणाला?"

"पावडरीला. दोन बादल्या गरम पाणी. पांढुरकं पाणी निघतं, ते ओतून देतो. मग भरतो."

"कधीपासून?"

"जुन्या पावडरीपासनं. तुमच्या आधीचे साहेब शिकवून गेले. धुतल्याबगर टाकायची नाय."

पांढुरकं पाणी. शिसं धुऊनही टिकायचं, बिस्मथ टिकत नव्हतं, आणि प्रयोगशाळेत मी पावडर धूतच नव्हते. तीन वर्षं खपून बसवलेलं माझं बिस्मथ हा माणूस दर बॅचला इमानेइतबारे धुऊन नाल्यात ओतत होता.

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही इचारलं नाय," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नवी पिशवी फोडली. आंघोळ नाही, शेंदूर नाही. बहिरूभाऊंचा चेहरा असा, की पारोशा देवाला नैवेद्य दाखवायला लावलाय. संध्याकाळी नमुना तपासला. पंचाण्णव. शिसं शून्य. मी कागद ललितशेठच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि गिऱ्हाईक शोधायचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग त्या कंपनीला माफीचं पत्र लिहायला बसले. त्यांच्या फॉर्मात एक रकाना होता, चूक होण्याचं कारण. मी लिहिलं, कामगाराचा अडाणीपणा. लिहून झाल्यावर काचेतून खाली नजर गेली. बहिरूभाऊ काडेपेटीतला उरलेला शेंदूर कागदात नीट बांधत होते, गावी परत न्यायला.

मी ती ओळ खोडली. दुसरा फॉर्म मागवला आणि त्याच रकान्यात लिहिलं, पावडर भरणाऱ्या माणसाला केमिस्टने तीन वर्षांत एकदाही काही विचारलं नाही. खाली माझी सही केली.