अंगणच वाकडे होते

मित्रांनो, लाज वाटणारे यंत्र तुम्ही कधी पाहिले नसेल. मी एक जुना लेथ आहे आणि मला फार लाज वाटते. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवणारे यंत्र. लाकूड मी फिरवतो, समोरचा माणूस त्याला पटाशी लावतो आणि ओबडधोबड ठोकळ्याचे गोल लाटणे किंवा वाडगा होतो. लोखंडाला कसली आली लाज, असे तुम्ही म्हणाल. माणसाला लाज वाटली की तो लाल होतो, मला वाटली की गंज चढतो, एवढाच काय तो फरक.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी घडलो. पुढची बारा वर्षे फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातण्यात गेली. ते सगळे पाय एकदम चालू लागले असते तर रस्ते बंद पडले असते. मग कारखान्यात मोठी यंत्रे आली. मला भंगारात काढणार, तेवढ्यात तिथल्या मिस्त्रींनी मला विकत घेतले आणि हातगाडीवर घालून घरी आणले.

"घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि हे धूड कुठे ठेवणार?" काकूंनी दारातच विचारले. काकू म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी.

"मागच्या खोलीत. तुझ्या शिलाई मशीनला सोबत होईल."

सोबत झाली खरी. भिंतीपलीकडे काकूंचे शिलाई मशीन टकटक करी, अलीकडे मी घरघर करी. मिस्त्री सुट्टीच्या दिवशी माझ्यापाशी उभे राहत. लाटणी, भोवरे, टेबलांचे पाय, पाळण्याचे दांडे असे काय काय आम्ही केले. येणारा-जाणारा माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणे, "काय झकास मशीन आहे हो!" हात कसा आहे, हे कोणी बोलत नसे. मिस्त्री नुसते हसत आणि मी फुशारून जाई. काम चांगले झाले तर श्रेय माझे, बिघडले तर दोष हाताचा, हा न्याय मला अगदी मनापासून पटला होता.

मिस्त्री स्वभावाने गरीब, पण त्यांना एक खोड होती. चांगला कारागीर हत्याराला दोष देत नाही, असे ते मानत. कोणी म्हणाले सुरी बोथट आहे, कोणी म्हणाले पेन उमटत नाही, की मिस्त्रींचे ठरलेले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" एकदा काकूंची शिलाई वाकडी येऊ लागली. "सुई बिघडली वाटतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. भिंतीच्या अलीकडून लगेच अंगण वाकडे झाले. काकूंनी सुई बदलली, शिलाई सरळ आली आणि त्या दिवशी मिस्त्रींच्या चहात साखर घालायला त्या विसरल्या.

मिस्त्री नोकरीतून निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी मला हिरवा रंग दिला. जुना रंग खरवडून, घासून, दोन हात मारले. मी असा काही दिसू लागलो, की शेजारी मुद्दाम बघायला आले. पण मित्रांनो, त्या रंगाने एक घात केला. माझा मुख्य दांडा ज्या पितळी बुशमध्ये, म्हणजे जाड कड्यात, फिरतो, त्या बुशवर तेल सोडायचे एक बारीक भोक आहे. रंग त्या भोकात गेला आणि वाळला. मिस्त्री दर आठवड्याला तेलाचे चार थेंब सोडत. तेल वरच साचून ओघळे. "पोट भरलंय याचं," असे म्हणून ते फडक्याने पुसून घेत. बाहेरून मी हिरवागार होतो आणि आतून कोरडा पडत चाललो होतो. बुश झिजले. दांडा केसभर हलू लागला.

मला कळत नव्हते का? कळत होते. मला बोलता येत नाही, हे खरे. पण बोलता आले असते तरी मी बोललो असतो, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लोक रंगाचे कौतुक करत होते ना!

त्याच सुमारास मिस्त्रींचा भाचा काम शिकायला येऊ लागला. चांगला तिशीचा माणूस. त्याची नोकरी सुटली होती आणि लाकूडकामावरच संसार चालवायचे त्याने ठरवले होते. हात गोड होता त्याचा. लहान वस्तू सुरेख उतरत. एक दिवस तो मोठे ताट कातायला बसला आणि लाकडावर बारीक लाटा उठू लागल्या. त्याने मला थांबवले, वाकून पाहिले, लाकूड जिच्यावर बसवतात ती दांड्याच्या टोकाची चकती हाताने चाचपली.

"मामा, मशीन हलतंय."

समोर दोन गिऱ्हाइके बसली होती. मिस्त्री हसून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं! सरक, मी दाखवतो." आणि त्यांनी खरोखरच तेच ताट गुळगुळीत काढून दाखवले. माझे हलणे त्यांचा तीस वर्षांचा हात नकळत सांभाळून घेत होता, हे त्यांना स्वतःलाही कळले नाही. गिऱ्हाइकांनी माझी पाठ थोपटली. भाचा खाली पडलेली सालपटे गोळा करत राहिला. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, नंतरही आला नाही. तो एका दुकानात खिळे आणि बिजागऱ्या विकतो, असे कानावर आले.

खरे काय, ते त्या खोलीत मला एकट्याला माहीत होते. आणि मी हिरवा रंग मिरवत उभा होतो.

दोन वर्षे गेली. एक दिवस मिस्त्रींच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे त्याच भाच्याच्या आईचा फोन आला. तिला सगळे ताई म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच या भावंडांना वाढवले होते. घरात एक भलेमोठे लाकडी भांडे होते. त्यात सगळ्यांचे जेवण एकत्र कालवून ती एकेकाच्या तोंडात घास घाली. घर बदलताना ते भांडे हरवले. आता तिच्या पंचाहत्तरीला मुले, नातवंडे, भावंडे अशी बावीस माणसे जमणार होती आणि तिला पुन्हा एकदा सगळ्यांना एका भांड्यातून भरवायचे होते.

"मी करून देतो ना, ताई," मिस्त्री म्हणाले. "त्यात काय मोठंसं!"

भाच्याचा विषय ताईने काढला नाही. मिस्त्रींनीही काढला नाही.

वादळात पडलेल्या तुतीच्या झाडाचे दोन ओंडके आले. एकेक दोन हात रुंद. इतके मोठे लाकूड माझ्या अंगावर मावणे शक्यच नव्हते. मग मिस्त्रींनी ते माझ्या डोक्याच्या, म्हणजे दांडा फिरतो त्या भागाच्या, बाहेरच्या टोकाला चकतीवर जाड स्क्रूंनी बसवले. पटाशी टेकवायला वेगळी लोखंडी घोडी केली. मी जागचा सरकू नये म्हणून माझ्या पायांवर वाळूची पोती ठेवली. पट्टा सर्वांत संथ कप्पीवर चढवला आणि मला सुरू केले.

बाहेरची बाजू छान उतरली. पिवळ्याधमक सालपटांत मिस्त्रींचे घोटे बुडाले. मग लाकूड उलटे बसवून आतला भाग कोरायला घेतला, आणि तिथे माझे बिंग फुटले. एवढे वजन पेलताना माझा दांडा डुलू लागला. काठावर लाटा उठल्या. मिस्त्रींनी पटाशी परजून आणली, पुन्हा लावली. पटाशी अडकली आणि काठाचा वीतभर तुकडा उडाला.

मिस्त्रींनी मला बंद केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले.

दुसऱ्या ओंडक्याच्या वेळी तर कहर झाला. अर्धे काम झाले असताना सगळे लाकूडच चकतीवरून निसटले, भिंतीवर आदळले आणि दुभंगले. काकू धावत आल्या.

"लागलं का कुठे?"

"नाही गं." मिस्त्री स्टुलावर बसले होते. "हात थरथरतोय माझा."

"मशीनमध्ये तर काही..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मिस्त्री म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते.

मित्रांनो, ती म्हण मी शेकडो वेळा ऐकली होती. त्या दिवशी मात्र मला माझ्या पायाखालच्या फरशीत गडप व्हावेसे वाटले. ज्याने मला भंगारातून उचलून आणले, तो माणूस माझा दोष स्वतःच्या हातावर घेत होता.

त्यांनी माझ्यावर एक जुनी चादर टाकली. चादरीच्या एका भोकातून मला सगळे दिसे. मिस्त्री चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. पाहुणे आले की हात खिशात घालू लागले. पटाश्या त्यांनी कागदात गुंडाळून कपाटावर टाकल्या. मग एका दुपारी त्यांनी ताईला फोन केला.

"ताई, भांडं होणार नाही. माझा हात गेला." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "नाही, दुखत नाही. नुसता गेला."

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि सुई-दोरा घेऊन आल्या. "अहो, जरा ओवून द्या. मला नेढं दिसत नाहीये."

"माझ्याच्याने होणार नाही."

"बघा तर खरं."

मिस्त्रींनी दोऱ्याचे टोक ओले केले आणि पहिल्याच खेपेला ओवून दिले. काकूंनी आणखी बारीक सुई पुढे केली. तीही त्यांनी ओवली. काकूंनी दोन्ही सुया पदराला टोचल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. चादर ओढली, चकती दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली.

टक्. टक्. टक्.

"या इकडे," त्या म्हणाल्या. "हे दुधाच्या दातासारखं हलतंय. उगाच नाचणारीला नावं ठेवू नका. अंगणच वाकडं आहे."

मिस्त्रींनी चकती धरली. एकदा हलवली, दोनदा हलवली. मग त्यांचे बोट तेलाच्या भोकावर गेले. काकूंनी पदराची सुई काढून दिली. त्यांनी टोचून टोचून रंगाचा पापुद्रा काढला. खाली भोक कोरडे ठणठणीत होते. आता हे मला शिव्या घालणार, असे वाटले. घातल्या असत्या तर बरे वाटले असते.

मिस्त्री मात्र मटकन स्टुलावर बसले. "अगं, त्याने सांगितलं होतं," ते म्हणाले. "चारचौघांत हसलो मी त्याला."

त्यांनी तिथूनच भाच्याला फोन लावला. ते म्हणाले, "अरे, तू बरोबर होतास. मशीन हलतंय." काकूंनी फोनचा आवाज मोठा केला.

"रविवारी येतो, मामा," भाचा म्हणाला. "बुश घेऊनच येतो. माप आहे माझ्याकडे."

"कुठलं माप?"

"तेव्हाच घेतलं होतं. जपून ठेवलंय."

दोन वर्षे! एका हुशार माणसाने दोन वर्षे खिळे विकले, आणि माझ्या दुखण्याचे माप जपून ठेवले. माझ्यावर गंज चढायला यापेक्षा जास्त काय हवे?

रविवारी नवे बुश बसले. नवा ओंडका मिळणार नव्हता. पण काठ फुटलेले पहिले भांडे कोपऱ्यात होते. तुटका काठ चार बोटे उतरवला तर खोली कमी होईल, रुंदी टिकेल, असे भाच्याने सुचवले. मिस्त्रींनी पटाशी त्याच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी उभे राहिले.

"काही हललं तर सांग."

"सांगितलं होतं, मामा."

"सांग रे. आता ऐकतो."

भाच्याने मान खाली घातली आणि पटाशी लावली. मी फिरलो. आयुष्यात इतका जपून मी कधी फिरलो नसेन. काठ सरळ आला. मग आतला भाग त्याने मामांना कोरायला लावला, आणि मिस्त्रींचा हात कुठेही थरथरला नाही. संध्याकाळी भांडे इतके मोठे निघाले, की ते दारातून आडवे जाईना. मामा-भाच्यांनी ते तिरके करून बाहेर नेले. त्यातून बावीस जणांना घास मिळाले, असे काकूंनी मला तेल घालताना सांगितले. सगळ्यांत आधी ताईने भाऊ आणि मुलगा यांना एकापाठोपाठ भरवले म्हणे.

भाचा आता रोज येतो. त्याने मला पुन्हा रंग द्यायचे म्हटले, तर मिस्त्री नको म्हणाले. माझ्या तेलाच्या भोकाभोवती सुईचे ओरखडे आहेत. पाहुणे विचारतात, एवढ्या छान मशीनवर हे काय? मिस्त्री त्यांना सगळी गोष्ट सांगतात, स्वतःची चूक धरून. मी मुकाट्याने ऐकतो.

मित्रांनो, यंत्राला नुसते पुसू नका, तेल आत पोचले का ते पाहा. आणि कोणी तुम्हाला सांगितले, की अंगण वाकडे आहे, तर हसण्याआधी एकदा अंगणात उतरून पाहा. आम्हाला तोंड नाही. आमच्या वतीने कोणी खरे बोलले, तर निदान त्याला तरी खोटे पाडू नका.