उघड्या पातेल्याचं झाकण

मी झाकण बोलतोय. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण. पातेल्याचं कौतुक सगळे करतात, कढईवर जीव टाकतात, तव्याला तर घरचा कर्ताच मानतात. झाकणाची आठवण मात्र ते सापडेनासं झालं की मगच येते. तरी माझी कधी तक्रार नव्हती. ती बाटली घरात येईपर्यंत.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच पत्र्यातून आधी पातेलं निघालं, मग मी. ठोकून, घासून मला चकचकीत केलं आणि डोक्यावर काळी मूठ बसवली. दुकानदाराने मला पातेल्यावर ठेवून एक गिरकी दिली आणि समोरच्या ताईंना म्हणाला, "बघा, वाफेलासुद्धा बाहेर पडताना विचारावं लागेल!" त्या ताईंचं नुकतंच लग्न झालं होतं. आता सगळी इमारत त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

काकू घरी कपडे शिवतात. शिलाई मशीन चालवताना त्यांचा एक कान माझ्याकडे असायचा. मी जरा खडखडलो की मशीन थांबवून त्या आत यायच्या, गॅस बारीक करायच्या आणि मला नीट बसवून परत जायच्या. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी घरी आल्यावर वासाने ओढल्यासारखे स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे. काकूंचं वाक्य ठरलेलं असायचं, "ते तेलकट हात घेऊन आत येऊ नका. बाहेर बसा, आणते मी." काका बाहेर बसायचे. वर्षानुवर्षं असं चाललं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि इथे झाकणारा मी. माझा तोरा काय विचारता!

मग काका निवृत्त झाले. काही दिवस घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालण्यात गेले. ते संपल्यावर त्यांनी मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली, आणि एका रविवारी लाल वाइनची बाटली घेऊनच घरी आले.

"ही कोणती सवत आणलीत घरात?" काकूंनी विचारलं.

"अगं, प्यायला नाही. मटणात घालायला."

"का? इतकी वर्षं माझं मटण काय तुमच्या घशाखाली उतरत नव्हतं?"

"तसं नाही गं. आज तू बस बाहेर. आणतो मी."

काकू बाहेर बसल्या. काकांनी कांदा परतला, गाजरं टाकली, मटण टाकलं आणि वरून वाइन ओतली. चर्र असा आवाज झाला. सवयीप्रमाणे मी तयारच होतो. काकांनी मला उचललं आणि ओट्याच्या कोपऱ्यात, ओल्या फडक्यावर, पालथं घातलं!

"झाकायचं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "कच्चा वास उडून गेला पाहिजे."

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. ज्या पातेल्याबरोबर एका पत्र्यातून निघालो, ते त्या लांब मानेच्या बयेची वाइन पोटात घेऊन बुडबुडत होतं आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला पाण्यात पाहू लागलो. नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. पण काका दर रविवारी नवी बाटली आणू लागले आणि मी दर रविवारी फडक्यावर.

एक गोष्ट मात्र सांगतोच. काकांचं मटण चिवट व्हायचं. उघड्या पातेल्यात रस आटायचा, पण मटण शिजायला नको? तरी रश्शाला असा रंग यायचा आणि असा वास सुटायचा की लोक चावता चावता वाहवा करायचे. एकदा काकूंची लेक तिच्या सासूबाईंना घेऊन जेवायला आली. जेवण झाल्यावर विहीणबाई काकूंना म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही! आमच्याकडे पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यावा लागायचा." काकू हसल्या. ते हसू किती खरं होतं हे एकट्या मलाच ठाऊक, कारण त्या वेळी त्या मला घासत होत्या, आणि नको तेवढ्या जोरात.

विहीणबाई पुन्हा यायच्या होत्या त्या रविवारी काकांनी वाइन जरा सढळ हाताने ओतली आणि पाव आणायला खाली गेले. काकू आत आल्या. पातेल्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग मला उचलून पातेल्यावर घट्ट बसवलं.

काय सांगू तो आनंद! आत वाफ कोंडली, मी तसूभरही हललो नाही. जिन्यात काकांची पावलं वाजली तेव्हा काकूंनी मला उचलून, पुसून परत फडक्यावर ठेवलं.

ताटं वाढली गेली. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि लगेच पाण्याचा पेला उचलला. "आज वेगळीच चव आहे हं," त्या म्हणाल्या. लेक मात्र स्पष्टच बोलली, "बाबा, आंबट झालंय. आणि कच्चा वास येतोय."

काकांनी चव घेतली. त्यांचे कान लाल झाले. "चुकलं माझं काहीतरी," ते म्हणाले. "आपलं काम नाही हे."

त्यानंतर ते स्वयंपाकघरात फिरकले नाहीत. अर्धी बाटली फळीवर मागे गेली, आणि मी रोज माझ्या जागी! सुरुवातीला मी नुसता नाचत होतो. पण काका दिवसभर खुर्चीत बसून टीव्हीची चॅनेलं बदलायचे. जेवताना "छान झालंय" म्हणायचे, तेही ताटाकडे न बघता. आणि काकूंची मशीन मध्येच थांबायची, मी खडखडत नसतानाही.

एका दुपारी त्यांनी मला हातात घेतलं आणि तशाच काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, त्या दिवशी हे झाकण मी ठेवलं होतं. तुम्ही पाव आणायला गेलात तेव्हा."

काकांनी टीव्ही बंद केला. मग असे भडकले की मी काकूंच्या हातात थरथरलो. "सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस? का?"

"मला बाहेर बसवलंत म्हणून! माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघराबाहेर! एकदा तरी हाक मारलीत, ये म्हणून?"

"आणि तू मारलीस? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं माणसं म्हणतात. पण इतका खणखणीत आवाज आम्हा भांड्यांचाही कधी होत नाही. काकू खाली बघत म्हणाल्या, "नाही मारली." मग मान वर करून म्हणाल्या, "आता मारते. चला आत."

काका उठले. फळीवरची बाटली काढून त्यांनी वास घेतला. "शिळी झाली ही. नवी आणावी लागेल."

"आणा. वास उडेपर्यंत उघडं ठेवायचं, ते तुमच्याकडे. पुढे झाकून मंद आचेवर, ते माझ्याकडे. तुमचं मटण चिवट असतं."

"काहीतरीच! सगळे वाहवा करायचे."

"चावत होते हो ते!"

तेव्हापासून आमच्याकडे असंच शिजतं. आधी तिची पाळी, मग माझी. माझा मत्सर गेला का, असं विचाराल तर अजिबात नाही. ती दर वेळी नवीकोरी येते आणि माझ्या कडेला पोचा पडलाय. शिवाय माझ्या आतून जे थेंब ठिबकतात त्यांनाही आता तिचाच वास येतो, म्हणजे बघा!

पण ती उकळत असते तेव्हा मी फडक्यावर नसतो. काकू मला हातात धरून काकांच्या शेजारी उभ्या असतात. "ठेवू का?" त्या विचारतात. काका पातेल्यावर वाकून वास घेतात आणि म्हणतात, "थांब, अजून जरा." मग दोघंही थांबतात.

तुमच्याही घरी अशी बाटली आली, तर तिला खुशाल पहिला मान द्या. मी थांबेन. फक्त तोवर मला खाली ठेवू नका.